पॉइंट टूचं पाणी

"मानवी संस्कृतीचा इतिहास म्हणजे दुसरं काही नसून पाणी शुद्ध ठेवण्याचा इतिहास आहे," असं मी नरकचतुर्दशीच्या पहाटे मोठ्याने म्हणालो. त्या वेळी माझ्या अंगावर फक्त पंचा होता, कानात तिळाचं तेल होतं आणि समोरच्या पाण्यावर उटण्याची जाड साय धरली होती.

ऐकायला बायको होती. ती गळ्यापर्यंत त्याच पाण्यात होती. तिने डोळे न उघडता विचारलं, "मग हे काय आहे?"

मी म्हणालो, उटणं आहे, सुगंधी आहे, फिल्टर ओढून घेईल. फिल्टरने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि उटणं ओढून घेण्याऐवजी फेसासकट परत आमच्याकडे पाठवून दिलं.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हॉट टब म्हणजे एक मोठा हौद. त्यात गरम पाणी भरायचं, मोटरने बुडबुडे सोडायचे आणि मध्ये आपण बसायचं. वरण शिजताना डाळीला जे वाटत असेल ते माणसाला वाटावं, अशी ती योजना असते. आमच्या मृणालने तो बंगळूरहून पाठवला होता, कारण तिच्या आईचे, म्हणजे शरयूचे, दोन्ही गुडघे कामातून गेले होते. मागच्या अंगणात, पत्र्याखाली, जिथे पूर्वी बंब धूर काढत बसायचा तिथे तो बसला. शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी येऊन त्याला हळदकुंकू वाहिलं. आम्ही ते पुसलं नाही.

शरयू शाळेत विज्ञान शिकवायची आणि निवृत्तीच्या आधी मुख्याध्यापिका होती. कृष्णाकाठच्या आमच्या गावात चाळिशी उलटलेले पुरुष अजूनही तिला रस्त्यात पाहिलं की शर्टाची बटणं चाचपतात. अशी ही बाई आता घराच्या पायऱ्या कठडा दोन्ही हातांनी धरून, खेकड्यासारखी आडवी उतरायची. वाचनालयात जाणं तिने सोडलं होतं, कारण वाचनालय वरच्या मजल्यावर आहे. फक्त टबात उतरली की तिचा चेहरा सैल व्हायचा. कधी कधी ती गुणगुणायचीसुद्धा. पूर्वी ती फक्त पेपर तपासताना, कोणी नापास होत असेल तर गुणगुणायची.

टबाचं पाणी बघणं माझ्याकडे आलं. ते ओघानेच होतं. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो होतो. या टबाचं पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी महिनोन्‌महिने राहतं, म्हणून त्यात क्लोरीनचे दाणे घालून, तपासून ते जिवंत ठेवावं लागतं. जिवंत ठेवायचं म्हणजे त्यात दुसरं कोणी जिवंत राहू द्यायचं नाही.

टबाबरोबर कागदी पट्ट्यांची एक डबी आली होती. पट्टी पाण्यात बुडवायची आणि तिचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. ती डबी मी शरयूला खेळायला देऊन टाकली. माझ्याकडे नोकरीतली काचेची नळी होती. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पाणी फिकट पिवळं झालं की समजायचं, पॉइंट टू. लिटरमागे पॉइंट टू मिलिग्रॅम क्लोरीन. गावातल्या शेवटच्या नळाला तेवढं पोचलं की गाव सुखरूप. आमच्या खात्यात पोराच्या मुंजीचा मुहूर्त चुकला तर चालायचं, पॉइंट टू चुकलेला चालायचा नाही.

डबीवर तीन ते पाच असं लिहिलं होतं. शरयूने ते मला पहिल्याच आठवड्यात वाचून दाखवलं. मी सांगितलं की कंपन्यांना दाणे विकायचे असतात, मी पॉइंट टूवर अख्खं गाव जगवलंय.

"गाव ते पाणी पीत होतं," शरयू म्हणाली. "त्यात बसत नव्हतं."

मग तिने नीट समजावलं. गरम पाण्यातून क्लोरीन लवकर उडून जातं. शिवाय एवढ्याशा पाण्यात माणूस बसला की त्याचा घाम, मळ, साबण यातच उरलेलं खर्ची पडतं. नळाचा हिशेब इथे लागू होत नाही. मी आदराने ऐकलं आणि संध्याकाळी जाऊन पॉइंट टू केला. त्यानंतर ती रोज पट्टी बुडवून माझ्या नाकासमोर धरायची, आणि मी भाजी आणायला गेलो की चमचाभर दाणे टाकायची. हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. अंगाला तेल लावून कोणी टबाजवळ फिरकायचं नाही, आधी साबणाने आंघोळ, हा नियमही तिचाच. असं त्या टबावर दोन सरकारांचं राज्य होतं आणि पाणी उत्तम होतं.

मग विद्याधरचा फोन आला. विद्याधर म्हणजे शरयूचा धाकटा भाऊ. त्याचं मिरजेला औषधांचं दुकान आहे, त्यामुळे मिरजेतले सगळे डॉक्टर आपल्या आधाराने चालतात अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. गुडघे बदलणाऱ्या ज्या सर्जनची तारीख मिळायला लोक महिनोन्‌महिने थांबतात, त्याच्याकडे कोणाची तरी रद्द झालेली तारीख त्याने शरयूसाठी पटकावली होती. भाऊबीज झाल्यावरचा सोमवार. त्यानंतर सर्जन परदेशी जाणार, तो थेट उन्हाळ्यात येणार. दाजी, हो की नाही एवढंच आत्ता सांगा, माणूस लाइनवर आहे, असं विद्याधर म्हणाला. मी हो म्हटलं.

शरयू टबात होती. मी टॉवेल घेऊन मागे गेलो.

"सोमवार ठरला," मी म्हणालो.

"कोणाचा?"

"तुझा."

तिने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. पाण्याखाली ते होते त्यापेक्षा मोठे दिसत होते. मी तिला सर्जनची कीर्ती सांगितली, खोलीला खिडकी आहे हे सांगितलं, वाचनालयाच्या जिन्याचाही उल्लेख केला. तिने एकच विचारलं, भूल कमरेखाली देतात की पूर्ण. मी म्हणालो, तुझ्या मणक्याचं दुखणं आहे म्हणून पूर्ण देणार आहेत, तुला काही म्हणजे काही कळणार नाही. मला ती फार मोठी सोय वाटत होती.

"पाणी गार होत आलंय," ती म्हणाली आणि टॉवेलसाठी हात पुढे केला.

त्या दिवसापासून तिने मला पट्टी दाखवणं बंद केलं. दाण्यांचा डबाही मी ठेवीन तिथेच राहायला लागला. मला वाटलं, तिला अखेर पॉइंट टू पटला. संसारात मी एखादा वाद जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. मी तिला दोनदा विचारलंही, की काय, पटलं ना आता. ती म्हणाली, तुम्हाला बरं वाटतंय ना, मग झालं.

आणि दिवाळी आली तशी, तेलाचा नियम करणारी बाई स्वतःच म्हणाली, यंदा अभ्यंग टबातच करू. पाटावर तिला बसता येत नव्हतं, न्हाणीत खुर्ची घसरायची, तेव्हा मला ते शहाणपणाचंच वाटलं. तेल, उटणं सगळं लावून ती सरळ पाण्यात उतरली. ती खुशीत आहे असं वाटून मला संस्कृतीबद्दल चार शब्द सुचले.

त्या संध्याकाळी मी नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं नाही. आणखी थेंब टाकले. नळी उजेडात धरली, मग पांढऱ्या भिंतीसमोर धरली. पाणी उपासाला बसलेल्या बाईसारखं निर्विकार. पॉइंट टू नव्हता, पॉइंट काहीच नव्हतं. तेलाने होतं नव्हतं ते क्लोरीन खाऊन टाकलं होतं. अशा वेळी काय करायचं ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पाणी काढून टाकायचं, किंवा निदान भरपूर दाणे ओतून दिवसभर कोणाला आत जाऊ द्यायचं नाही. पण मग शरयूला सांगावं लागलं असतं की टब बंद आहे, आणि तिने का म्हणून विचारलं असतं.

मी दोन चिमटी दाणे टाकले, झाकण लावलं, नळी धुऊन कोनाड्यात ठेवली आणि फराळाला गेलो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी शरयूचा हात धरून तिला त्या पाण्यात उतरवलं. "सावकाश," असंही म्हणालो.

पाडव्याला मला ओवाळताना तिने एका हातात तबक धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने ती पोट खाजवत होती. दुपारपर्यंत पाठ, पोट, मांड्या, जिथे जिथे ओला गाऊन अंगाला चिकटत होता तिथे तिथे लाल पुरळ उठलं. संध्याकाळी त्याला पिवळी तोंडं आली. तो रंग मी इतके दिवस नळीत शोधत होतो.

गल्लीच्या तोंडाशी त्वचेचे डॉक्टर राहतात, ढवळीकर. ते शरयूचे विद्यार्थी. बाईंवर ओरडण्याची त्यांची अजून छाती नाही, म्हणून ते माझ्यावर ओरडले. कोमट पाण्यात क्लोरीन कमी पडलं की एक जंतू माजतो, तो केसांच्या मुळाशी जाऊन बसतो, असं त्यांनी सांगितलं. खाजवायचं नाही, औषध लावायचं, आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल. मात्र अशा कातडीवर कुठलाही सर्जन सुरी ठेवणार नाही. जंतू आत नव्या गुडघ्याला चिकटला तर पाय जायची पाळी येते. सोमवार विसरा.

टबाचं पाणी कोण बघतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मीच. निवृत्तीआधी काय करत होतात? नोकरी, मी म्हणालो. कुठे?

"पाणीपुरवठा," शरयूने माझ्या वतीने उत्तर दिलं.

डॉक्टर बराच वेळ मान खाली घालून औषध लिहीत राहिले. औषध एकच होतं.

भाऊबीजेला विद्याधर आला तो बाहेर चपला काढायच्या आधीपासून बोलत होता. सर्जनला त्याने फोन करून तारीख परत केली होती, आणि ती दहा मिनिटांत दुसऱ्या कोणाला गेली होती. ते दहा मिनिटांचं त्याला फार लागलं होतं. शरयू तबकात निरांजन ठेवून वात पुढे ओढत होती. विद्याधर पाटावर बसून माझ्याकडे बघत होता.

"दाजी, मला एक सांगा. तुम्ही गाव इतकी वर्षं जिवंत कसं ठेवलंत?"

"त्यांनी सहकार्य केलं," मी म्हणालो.

"ताई आता उन्हाळ्यापर्यंत अशीच आडवी चालणार. कोणामुळे?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यालाही माहीत होतं. मग त्याने माझा हट्टीपणा, माझं खातं, माझी नळी असं एकेक हाती घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला शरयूचं नवल वाटत होतं. एरवी तिच्यासमोर मला दुसरं कोणी बोलू लागलं तर ती त्याला तिथल्या तिथे थांबवते, कारण तो हक्क तिचा आहे. आज ती वातीकडेच बघत राहिली. वात केव्हाच नीट झाली होती. मी मनाशी म्हटलं, एवढी रागावली आहे की बोलायचीही इच्छा उरलेली नाही. आणि मला ती कोरी नळी आठवली, आणि मी म्हटलेलं "सावकाश" आठवलं. मी चिवड्याची बशी बाजूला सरकवली.

जेवताना विद्याधरने गाडीतून स्वतःची पाण्याची बाटली आणली.

तो गेल्यावर मी मागे जाऊन टबाचं बूच काढलं. पाणी गटारात गेलं. आतल्या भिंतीला, पाण्याची पातळी होती तिथे, तेलाचं गोल कडं धरलं होतं. पायजमा वर खोचून मी आत उतरलो आणि कडं घासायला लागलो. काठीचा आवाज आला. शरयू मागच्या दाराने आडवी आडवी उतरून आली आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मी घासत राहिलो.

"चतुर्दशीला संध्याकाळी तुम्ही नळी बघत होतात," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरातून पाहिलं. किती होतं?"

"काहीच नव्हतं."

भिंतीकडे तोंड असल्यामुळे सांगणं सोपं गेलं. दोन चिमटी दाणे, लावलेलं झाकण, दुसऱ्या दिवशी धरलेला हात, सगळं मी भिंतीला सांगितलं. तुझे गुडघे माझ्या अब्रूपायी राहिले, असंही म्हणालो. तोंडी परीक्षेत मूल अडखळत असताना बसायची तशी ती ऐकत होती, मध्ये न बोलता.

मग ती म्हणाली, "लक्ष्मीपूजनाला तुम्ही टॉवेल आणायला आत गेलात. तेव्हा मी पट्टी बुडवली होती."

"मग?"

"पांढरी. कापसासारखी."

मी घासायचा थांबलो. "आणि तू उतरलीस?"

"उतरले." तिने काठी पुढ्यात घेतली. "तेल कशाला लावलं होतं असं वाटतं तुम्हाला?"

मी वळून पाहिलं. काठीच्या मुठीवर तिने दोन्ही हात ठेवले होते आणि ती माझ्याकडे न पाहता त्या तेलाच्या कड्याकडे पाहत होती. म्हणाली, एवढं होईल असं वाटलं नव्हतं. थोडं खाजेल, सोमवार जाईल, एवढाच अंदाज होता. अंदाज चुकला.

"अगं, पण नको होतं तर तसं सांगायचं."

"तुम्ही मला विचारलं होतं?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

"हो. सांगितलं होतं."

खात्यात असताना पाणी किती वाजता सोडायचं ते आम्ही ठरवायचो आणि रिक्षावर कर्णा लावून गावाला कळवायचो. पहाटे चारला सोडलं की बायका हंडे घेऊन कचेरीवर यायच्या. आम्हाला खरोखर नवल वाटायचं. कळवलं तर होतं.

"मृणालच्या वेळी कळा येत असताना मी नर्सला सांगत होते, कात्री उकळली का ते बघ," शरयू म्हणाली. "मला न कळता माझ्या अंगाला कोणी हात लावलाय, असं आजवर झालेलं नाही. आणि तुम्ही टॉवेल घेऊन आलात आणि म्हणालात, तुला काही कळणार नाही. बक्षीस दिल्यासारखं."

"विद्याधरला तरी सांगायचं होतंस आज."

"भ्याले."

हा शब्द मी तिच्या तोंडून पुष्कळदा ऐकला होता, पण नेहमी दुसऱ्यांबद्दल.

"त्याने केवढी खटपट केली होती. मृणालने रजा काढली होती. तुम्ही सगळे इतके खुशीत होता," ती म्हणाली. "तो तुम्हाला बोलत होता तेव्हा आधी मला हसू आलं. मग लाज वाटली. मग परत थोडं हसू आलं. त्याचीच जास्त लाज वाटते आहे."

मी टबाच्या काठावर बसलो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. विद्याधर होता. अजून मिरजेला पोचलाही नव्हता, गाडी कडेला घेऊन बोलत होता. सर्जनचं जाणं आठवडाभर लांबलं आहे, त्याच्या पुढच्या सोमवारी तो ताईला घेईल, तोवर पुरळ जाईलच. पुन्हा नशिबाने संधी दिली आहे. हो की नाही एवढंच आत्ता सांगा, माणूस लाइनवर आहे.

माझ्या तोंडात हो आलंच होतं. इतक्या वर्षांची सवय. मी फोनवर तळवा ठेवला.

"विद्याधर आहे," मी शरयूला म्हणालो. "त्याच्या पुढचा सोमवार मिळतोय. काय सांगू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाने अचानक बरोबर उत्तर द्यावं तसं पाहिलं. मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. फोनमधून विद्याधरचा हॅलो हॅलो येत होता.

"नको," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "अजून नको."

मी विद्याधरला नको म्हणून सांगितलं. का, असं तो ओरडला. शरयूने मान वर केली आणि फोन मागायला हात पुढे केला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. टबाचं पाणी अजून माझ्याच हातात आहे, मी म्हणालो, परत पुरळ येणार नाही याची हमी मला देता येत नाही, तेव्हा माझ्यामुळे इतका त्रास झालाच आहे तर हाही माझ्याच नावावर मांड. त्यावर विद्याधर जे बोलला ते तो एरवी दुकानातल्या उधारीवाल्यांनाही बोलत नाही. मी ऐकून घेतलं. त्यातलं निम्मं मला लागूच होतं.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पुढे दीड वर्षाने शरयूने सर्जनला स्वतः फोन करून तारीख घेतली, मणका दाखवून कमरेखालच्या भुलीवर त्याला राजी केलं, आणि ऑपरेशन चालू असताना जागी राहून त्याला दोन प्रश्न विचारले. मला तिने फक्त कुठल्या दिवशी डबा आणायचा ते कळवलं. ती आता वाचनालयाचा जिना सरळ चढते. विद्याधर मात्र लग्नाकार्यात मी पाण्याचा जग उचलला की अजूनही आपल्या पेल्यावर हात ठेवतो. शरयूला ते दिसतं. दर वेळी ती मला नंतर म्हणते, सांगून टाकते त्याला एकदा. दर वेळी मी म्हणतो, राहू दे.

पण त्या संध्याकाळी यातलं काही झालेलं नव्हतं. मी फोन खिशात ठेवला. रिकाम्या टबात मी आणि बाहेर खुर्चीवर ती, असे आम्ही बसलो होतो, आणि इतक्या वर्षांत न बोललेलं काहीतरी आता बोललं पाहिजे असं मला फार वाटलं. मी घसा साफ केला.

"शरयू, मी आजवर तुला..."

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी पाठीला ते गुलाबी औषध लावून द्या, माझा हात पोचत नाही. आणि त्याच्याही आधी हात धुऊन या. साबणाने."